मेलेल्याला उठवणारे जुने भयपट : उठल्यावर पुढे काय?

रात्रपाळी

हृदयाच्या ऑपरेशननंतर पेशंटला ज्या आयसीयूत आणतात, तिथे मी स्टाफ नर्स आहे. १९ वर्षं झाली. भयपटांचं वेड त्याहून जुनं. त्यातही प्रयोगशाळेत मेलेल्याला उठवणारे कृष्णधवल चित्रपट माझे फार लाडके. गेल्या महिन्यात १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाईन’ परत बघितला आणि एका जागी मी तो थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला. त्याविषयी लिहिते आहे.

आधी माझ्या कामातलं थोडं सांगते. संध्याकाळी ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटची भूल साधारण रात्री दीड-दोनच्या सुमाराला उतरू लागते. पापण्या थरथरतात, मग बोटं हलतात. तोंडात व्हेंटिलेटरची नळी असल्यामुळे आवाज फुटत नाही. गुंगीत नळी ओढली जाऊ नये म्हणून कित्येकदा दोन्ही हात कॉटच्या कठड्याला मऊ पट्टीने बांधून ठेवावे लागतात. वर पांढरा दिवा, बाजूला मॉनिटरची टिकटिक. आपण कुठे आहोत, मेलो की जगलो, काही कळत नाही. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत जी भीती दिसते तशी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. आम्ही कानाशी वाकून हाक मारतो. “काका, मी सिस्टर. ऑपरेशन झालं. तुम्ही आयसीयूत आहात. तोंडात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, आवाज गेलेला नाही. घरचे बाहेरच आहेत. ऐकू येतंय ना? माझा हात दाबा.” दहातले आठ जण तेवढ्याने शांत होतात. नळी काढली की पहिला शब्द बहुतेकांचा एकच, पाणी. लगेच देता येत नाही, म्हणून ओला बोळा ओठांवरून फिरवायचा.

आता चित्रपटाकडे या. वादळात वर नेलेला पलंग खाली येतो, चादरीबाहेरच्या हाताची बोटं हलतात आणि प्रेतांचे तुकडे जोडून हा माणूस घडवणारा शास्त्रज्ञ, हेन्री फ्रँकेन्स्टाईन, ओरडत सुटतो, “जिवंत आहे! जिवंत आहे!” हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. मी थांबले ती त्यानंतरच्या प्रसंगाशी. आत्तापर्यंत त्याला पूर्ण अंधारात ठेवलंय, असं हेन्री आपल्या गुरूंना, डॉ. वाल्डमनना सांगतो. जड पावलं वाजतात. उठवलेला तो माणूस दारातून पाठमोरा आत येतो, हळूहळू वळतो. हेन्री त्याला खुर्चीत बसवतो आणि छताची झडप उघडतो. वरून उजेड पडतो. त्याचं काम करणारा बोरिस कारलॉफ मान वर करतो, उभा राहतो आणि दोन्ही हात वर नेतो, उजेड हातात धरता येईल असे. झडप बंद होते. मग तेच हात, तळवे वर करून, हेन्रीकडे वळतात.

हे हात मी दर आठवड्याला बघते. बोलता न येणाऱ्या, नुकत्या जाग्या झालेल्या माणसाचे हात असेच काही मागत असतात.

आणि पुढे काय होतं? मदतनीस फ्रिट्झ जळता पलिता घेऊन येतो, उठवलेला माणूस घाबरतो, सगळे मिळून त्याला बांधतात. पुढच्या वेळी दिसतो तेव्हा तळघरात साखळदंडात, आणि फ्रिट्झ चाबूक नि पलिता घेऊन समोर. इतक्या वेळात त्याला एकदाही कुणी सांगितलेलं नाही की तू कुठे आहेस, तुझं काय झालं. हाक मारायला नाव तरी कुठे ठेवलंय?

या चित्रपटांवर लिहिताना सगळे ‘देवाच्या कामात ढवळाढवळ’ हेच धरून बसतात. मला ते पटत नाही. माझ्या युनिटमध्ये रोज थांबवलेलं हृदय पुन्हा चालू होतं, त्यात पाप कसलं? मला भय वाटतं ते उठवल्यानंतरच्या त्या दहा मिनिटांचं. हे जुने चित्रपट ती दहा मिनिटं फार खरी दाखवतात, असं माझं मत झालंय. तुम्ही कुठले बघितलेत, त्यात उठलेल्या माणसाचं काय होतं, सांगा.

जुनी रीळ

सिस्टर, तो झडपेचा प्रसंग इतक्यांदा बघूनही या बाजूने कधी सुचला नव्हता.

नावाचं म्हणालात म्हणून सांगतो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ‘मॉन्स्टर’च्या पुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. कारलॉफचं नाव येतं ते शेवटच्या यादीत. दिग्दर्शक जेम्स व्हेलने सुरुवातीच्या शीर्षकांनंतर पार्श्वसंगीत जवळजवळ ठेवलेलंच नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत फक्त गडगडाट आणि यंत्रांची चरचर ऐकू येते. ती यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी बनवली होती. त्यांनी ती जपून ठेवली आणि १९७४ मध्ये मेल ब्रुक्सच्या चित्रपटात तीच पुन्हा वापरली गेली.

मेकअप जॅक पिअर्सचा, रोज चारेक तासांचा. प्रेताच्या पापण्या जड दिसाव्यात म्हणून त्यांवर मेणाचा थर दिला होता. कोटाच्या बाह्या आखूड ठेवल्या होत्या, म्हणजे हात लांब वाटतात. तुम्हाला हातच आधी दिसले याचं थोडं श्रेय त्या शिंप्यालाही द्या. कारलॉफने आपले खोटे दात काढून एक गाल आत ओढून घेतला, ती कल्पना त्याची स्वतःची. तेव्हा तो ४४ च्या घरात होता आणि मिळतील ती छोटी कामं करत आला होता.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कुबड्या मदतनीस ‘इगोर’ या चित्रपटात नाही. इथे तो फ्रिट्झ, काम ड्वाइट फ्रायचं. ‘इगोर’ येतो १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मध्ये, बेला लुगोसीने केलेला. तो मदतनीस नाही, फाशी देऊनही जिवंत राहिलेला, मोडक्या मानेचा माणूस आहे. लोकांच्या आठवणीत दोघांची सरमिसळ झाली.

अवकाळी

लेखन आवडलं, पण मतभेद नोंदवतो. ताई, तुम्ही राक्षसाला पेशंट करून टाकलंत. तळ्याकाठचा प्रसंग विसरून कसं चालेल? लहानगी मारिया त्याला फुलं देते, दोघं पाकळ्या पाण्यावर सोडतात, फुलं संपतात आणि तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. मूल मेलं आहे. गावात लग्नाची धामधूम चालू असताना बाप तिचा देह हातांवर घेऊन रस्त्याने चालत येतो, ते बघून माझ्या पोटात कालवाकालव होते. भयपटाने भीती दाखवली पाहिजे. सगळ्यांना समजून घेत बसलं तर त्या बापाच्या बाजूने कोण उभं राहणार?

आणि मेंदूचं काय? फ्रिट्झच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी पडून फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो, हे चित्रपटानेच सांगितलंय. म्हणजे दोष जन्मजात.

रात्रपाळी

अवकाळी, त्या बापाची आठवण करून दिलीत ते बरं केलंत. तो प्रसंग मीही सरळ बसून बघू शकत नाही.

मेंदूच्या बरणीचा धागा मात्र मला त्या चित्रपटातली सर्वांत कच्ची गोष्ट वाटते. एकदा दोष बरणीत घातला की हेन्रीची सुटका झाली. पण कारलॉफ त्या बरणीला धरून अभिनय करतच नाही. मारियाच्या शेजारी बसल्यावर तो पहिल्यांदा हसतो. पाकळ्या तरंगतात, म्हणजे सुंदर गोष्टी पाण्यावर तरंगतात, एवढंच त्याला कळलेलं असतं. ती बुडाल्यावर तो गोंधळून, हात चोळत पळतो. गुन्हेगार असा पळत नाही.

जुनी रीळ

तळ्याच्या प्रसंगाची एक कथाच आहे. सेन्सॉरच्या कात्रीमुळे वर्षानुवर्षं लोकांनी तो अर्धाच पाहिला. राक्षस मारियाकडे हात नेतो आणि तिथेच तुकडा संपतो. पुढे थेट बापाच्या हातातला मुलीचा देह. त्यामुळे प्रेक्षकांनी मधल्या जागेत काहीतरी भयंकर कल्पना केली. झालेला अपघात दाखवला असता त्यापेक्षा ते कितीतरी वाईट होतं. १९८० च्या दशकात तो भाग परत जोडला गेला. “देव असणं म्हणजे काय ते आता मला कळलं” हे हेन्रीचं वाक्यही असंच कापलं होतं, तेही परतलं. अवकाळी, तुम्ही जुनी प्रत पाहिली असेल तर नवी बघा. मत बदललं नाही तरी चालेल, पण पूर्ण बघा.

मृदगंध

चित्रपटाच्या आधीच्या पुस्तकाबद्दल लिहिते. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची. तिच्यात वीज कोसळून कुणी जागं होत नाही, मदतनीसही नाही. नोव्हेंबरातली पावसाळी रात्र आणि विझत आलेली मेणबत्ती, बस्स. पण हाताची गोष्ट तिथेही आहे! कादंबरीतला शास्त्रज्ञ, व्हिक्टर, घाबरून आपल्या खोलीत जाऊन झोपतो. जाग येते तेव्हा त्याने उठवलेला जीव पलंगाचा पडदा धरून उभा असतो. काहीतरी पुटपुटतो आणि एक हात पुढे करतो. व्हिक्टर पळून जातो.

मेरीच्या घरातच या विषयाचं मूळ आहे. ती ३० ऑगस्ट १७९७ ला जन्मली आणि ११ दिवसांनी तिची आई, मेरी वोलस्टोनक्राफ्ट, बाळंतरोगाने गेली. त्याच्या दोन वर्षं आधी याच आईने दुःखाच्या भरात थेम्स नदीत उडी घेतली होती. लोकांनी बाहेर काढून शुद्धीवर आणलं. लंडनमध्ये बुडालेल्यांना वाचवणारी संस्था १७७४ पासून काम करत होती, अशा उपचारांची माहिती लोकांत पसरलेली होती. पुढे एका पत्रात तिने लिहिलं की मला निर्दयपणे पुन्हा जगण्यात आणि दुःखात ओढलं गेलं. म्हणजे कादंबरी लिहिणाऱ्या मुलीची आई स्वतःच परत आणलेली होती, आणि त्यानंतर आणखी जगली म्हणून तर मुलगी झाली.

१८१५ च्या मार्चमध्ये मेरीचं पहिलं बाळ गेलं. तिने रोजनिशीत स्वप्न नोंदवलंय. बाळ नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीपुढे त्याला चोळलं आणि ते जगलं. जाग आली तर बाळ नाही. तेव्हा ती १७ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या तळ्याकाठी तिला ही गोष्ट सुचली. प्रेतं उठवण्याच्या गोष्टीला विज्ञानाचा गर्व म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी.

ओसरी

खऱ्या प्रयोगांची बाजू मी मांडतो. १८०३ च्या जानेवारीत जोव्हानी आल्दिनीने लंडनमध्ये फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात उचलला गेला. लोकांना वाटलं आता उठतोय. उठला नाही अर्थात.

१९३४ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉर्निश नावाच्या संशोधकाने कुत्र्यांना मारून पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोग केले. प्रेत फळीवर बांधायचं, ती फळी लहान मुलांच्या सी-सॉसारखी वरखाली करायची म्हणजे रक्त फिरत राहील, सोबत औषधांची इंजेक्शनं. कुत्र्यांची नावं लाझारस, बायबलातल्या मेलेल्यातून उठलेल्या माणसावरून. जगले त्यांच्या मेंदूला इजा झालेली होती. १९३५ च्या ‘लाइफ रिटर्न्स’ चित्रपटात या प्रयोगाचं खरं चित्रीकरण घातलंय आणि कॉर्निश स्वतः पडद्यावर दिसतो. चित्रपट रटाळ आहे, पण ती काही मिनिटं बघताना अंगावर काटा येतो.

रशियात १९४० मध्ये एक वीसेक मिनिटांचा माहितीपट निघाला. त्यात कुत्र्याचं धडावेगळं डोकं ब्रुखोनेंको यांच्या यंत्राच्या आधाराने जिवंत ठेवलेलं दाखवलंय. ओठाला आंबट लावलं की ते जीभ फिरवतं. सुरुवातीला पडद्यावर येऊन ओळख करून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिस्टर, ब्रुखोनेंकोचं ते यंत्र तुमच्या ऑपरेशन थिएटरातल्या, हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनचं पूर्वज म्हणायला हरकत नाही. माणसावर तशा यंत्राने पहिलं यशस्वी ऑपरेशन १९५३ मध्ये फिलाडेल्फियाला झालं.

बर्फाळ

मी मिनियापोलिसला राहते. हे आमच्या गावचं. अर्ल बकेन या मुलाने १९३० च्या दशकात इथल्या थिएटरात हा चित्रपट पाहिला आणि विजेने जीव चालवता येतो ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसली, असं ते स्वतःच मोठेपणी सांगत. १९५० च्या दशकातले पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालायचे. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहरातली वीज गेली. बालरुग्णांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉ. लिलहाय यांनी बकेनना बॅटरीवर चालणारं काही करता येईल का विचारलं. एका मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या, म्हणजे ठेका धरणाऱ्या यंत्राच्या, सर्किटवरून त्यांनी काही आठवड्यांत खिशाएवढी पेटी बनवली. माझ्या वडिलांच्या छातीत आज पेसमेकर आहे. त्यामुळे त्या चित्रपटाकडे मी निव्वळ भयपट म्हणून बघूच शकत नाही.

रात्रपाळी

बर्फाळ, हे माहीत नव्हतं. उद्या युनिटमध्ये सगळ्यांना सांगणार.

चित्रपट बघून लोकांना वाटतं की थांबलेलं हृदय शॉक देऊन सुरू करतात. खरं तर मॉनिटरवर सपाट रेघ असेल तर शॉकचा उपयोग नसतो. शॉक देतात तो हृदय वेडंवाकडं फडफडत असताना. ती फडफड क्षणभर थांबवायची, म्हणजे हृदय आपला ठेका आपणच पकडतं. वीज जीव घालत नाही, नुसती गडबड शांत करते.

अवकाळी

जुनी रीळ यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री नवी प्रत बघितली. बापाच्या बाबतीत माझं मत तेच आहे. पण पाण्यावरून हात मागे घेतल्यावर राक्षसाचा चेहरा पहिल्यांदाच नीट बघितला. एवढं मान्य करतो.

रंगीत चित्रपटांविषयी कुणीच लिहिलं नाही? इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा १९५७ चा ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाईन’, दिग्दर्शक टेरेन्स फिशर, बॅरन फ्रँकेन्स्टाईनच्या भूमिकेत पीटर कशिंग आणि प्राणी झालेला क्रिस्टोफर ली. इथे सगळी चूक फुटलेल्या बरणीवर ढकललेली नाही. हुशार मेंदू हवा म्हणून बॅरन घरी आलेल्या वृद्ध प्राध्यापकाला जिन्यावरून ढकलून मारतो, आणि जेवणाच्या टेबलावर तितकाच सभ्य. मला हा बॅरन जास्त खरा वाटतो. राक्षस प्रयोगशाळेत झोपलेला नाही, तो कोट घालून उभा आहे.

जुनी रीळ

सहमत. कशिंग हातमोजे काढून कामाला लागतो तेव्हा तो उत्तम सर्जन वाटतो, भीती तिथेच आहे.

सिस्टरांच्या प्रश्नाला धरून एक चित्रपट सुचवतो, १९३६ चा ‘द वॉकिंग डेड’, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. कारलॉफ यात जॉन एलमन, निरपराध असून मृत्युदंड झालेला. डॉक्टर त्याला उठवतात, त्यासाठी वापरलेलं यंत्र तेव्हा गाजत असलेल्या कॅरेल आणि लिंडबर्ग यांच्या, अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवणाऱ्या पंपावर बेतलेलं आहे. उठल्यावर तो पियानो वाजवतो, ज्यांनी त्याला अडकवलं त्यांच्यासमोर जाऊन फक्त ‘का?’ एवढंच विचारतो. आणि डॉक्टर? त्यांना एकच ध्यास, मेल्यावर काय दिसलं ते सांग. तो पुन्हा मरायला टेकलाय तेव्हाही तेच विचारत असतात. ६६ मिनिटांचा आहे, एका रात्रीत होईल. १९८५ चा ‘री-अ‍ॅनिमेटर’ हिरव्या औषधासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यातले उठलेले नुसते किंचाळतात. तो मला लागला नाही.

शमीची पानं

मी भयपट बघत नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. आमच्या घरी नाट्यसंगीताचं वातावरण, त्यामुळे ‘मेलेल्याला उठवणं’ म्हटलं की पहिलं आठवतं ते खाडिलकरांचं १९१३ चं ‘विद्याहरण’. कच, देवयानी, शुक्राचार्यांची संजीवनी.

महाभारतातली मूळ कथा काढून बघितली. दैत्यांनी कचाचे तुकडे करून लांडग्यांना घातले. देवयानी रडत वडिलांकडे आली. तेव्हा शुक्राचार्य काय म्हणतात? ‘अयम् एहि’, म्हणजे ‘हा ये’, असं म्हणून मी मेलेल्याला उठवतो. ना वीज, ना औषध, नुसती हाक. आणि कच लांडग्यांची पोटं फाडून हाकेला ओ देत समोर येऊन उभा राहतो. सिस्टर, तुम्ही कानाशी वाकून म्हणता ते वाचलं आणि हे आठवलं.

रात्रपाळी

शमीची पानं, हे वाचून मी रात्रपाळीला निघायच्या आधी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. आमच्या मेट्रन नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायच्या, पेशंटला ‘बेड नंबर सहा’ म्हणून उठवायचं नाही, नावाने उठवायचं. मला वाटायचं ही शिस्तीची गोष्ट आहे.

भिंगारवाला

उशिरा आलो. मी नगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. कारलॉफचं आमच्या गावाशी नातं आहे, आणि हे इथल्याही फार कमी लोकांना माहीत असतं. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ चा. त्याच्या आजीची बहीण म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवणारी, जिच्यावर पुढे प्रसिद्ध संगीतिका झाली. ती १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली आणि १८४९ मध्ये तिचं लग्न पुण्यात झालं. जन्मभर तिने आपण वेल्सच्या असल्याचं सांगितलं, हिंदुस्थानातला जन्म झाकून ठेवला. कारलॉफचे वडीलही हिंदुस्थानातल्या मीठ खात्यात नोकरीला होते. त्याचा रंग सावळा होता तो या मुळांमुळे. नाव बदललेला, रंगावरून परका ठरलेला माणूस त्या बिननावाच्या भूमिकेत इतका आतून कसा शिरला, याचं मला फार आश्चर्य वाटत नाही.

काल हा चित्रपट आईबरोबर बघितला. तिची तीन वर्षांपूर्वी बायपास झाली आहे. तिला इंग्रजी संवाद कळत नाहीत, मी अधूनमधून सांगत होतो. विजेच्या प्रसंगात ती भाजी निवडत होती. तळघरात त्याला बांधलेलं दाखवलं तेव्हा हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाली, “अरे, त्याला कुणी पाणी तरी विचारलं का?”

रात्रपाळी

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना १९३५ चा पुढचा भागही दाखवा, ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’. त्यात जंगलातल्या झोपडीत एक आंधळा म्हातारा एकटा राहतो, व्हायोलिन वाजवत असतो. हा जखमी होऊन त्याच्या दाराशी येतो. म्हातारा त्याला हाताला धरून आत नेतो, बसवतो आणि वाडग्यात सूप वाढतो.